परक्याचें मूल आणि आपलें यंत्र

गेल्या महिन्यांत आमच्या हातीं एका वसतिगृहाचें विनंतिपत्र पडलें. वसतिगृह आमच्याच जिल्ह्यांतलें आहे. तेथें राहणाऱ्या मुलांपैकीं कांहींचे आईबाप ऊसतोडीस गेलेले असतात, कांहींना आईबाप नाहींत, आणि कांहींचे असून नसल्यासारखे आहेत. संस्थेस वीस टॅब विकत घ्यावयाचे आहेत. त्यांत पाठ्यपुस्तकें, गणिताचे खेळ, गोष्टी, सारें भरून मिळेल. एका टॅबचा खर्च जो दाता उचलील त्याचें नांव टॅबच्या पाठीवर लावण्यांत येईल. पत्राच्या शिरोभागीं एका मुलीचें छायाचित्र होतें. वय नऊ-दहा, केस तेल लावून घट्ट विंचरलेले, हातांत तें पाटीसारखें चकचकीत यंत्र, आणि दृष्टि यंत्राकडे नसून छायाचित्र घेणाऱ्याकडे. खालीं तिचें नांव होतें, आणि तिच्या बापाविषयीं एक वाक्य होतें. तें आम्ही येथें उतरवूं इच्छीत नाहीं.

पत्र हातांत असतांनाच शेजारच्या खोलींतून आमच्या सहा वर्षांच्या नातवाचा आक्रोश ऐकूं आला. त्याच्या आईनें त्याच्या हातांतला मोबाइल काढून घेतला होता. जेवतांना मोबाइल नाहीं, निजण्यापूर्वीं नाहीं, रविवारींही अर्ध्या तासाहून अधिक नाहीं, असा आमच्या घरांत कडक नियम आहे. आणि तो मोडूं नये म्हणून घरांतलीं चार मोठीं माणसें आळीपाळीनें त्याला गोष्टी सांगतात, बागेंत नेतात, त्याच्याशीं पत्ते खेळून मुद्दाम हरतात. म्हणजे एकाच संध्याकाळीं, एकाच छपराखालीं, आम्ही आपल्या मुलाच्या हातून जें हिसकावून घेत होतों, तेंच परक्याच्या मुलाच्या हातीं देण्यासाठीं पैशांचें पाकीट उघडीत होतों. ह्यांत कांहीं विसंगति आहे काय? आणि असल्यास ती नुसती गमतीची आहे, कीं लाजिरवाणी?

ह्याचें सोपें उत्तर तयार आहे. अजीर्ण झालेल्यास लंघन आणि भुकेलेल्यास अन्न, ह्यांत विसंगति कसली? आमच्या नातवाच्या घरीं पुस्तकांचें कपाट आहे, प्रश्न विचारायला आजोबा आहेत. त्या मुलीजवळ ह्यांतलें कांहींच नाहीं. तेव्हां जें एकास विष तें दुसऱ्यास औषध असूं शकेल. हें उत्तर खोटें नाहीं, आणि पुढें त्याची बाजू आम्ही मांडणारही आहों. परंतु यंत्र हें अन्न आहे, हें त्यांत गृहीत धरलेलें आहे. तें अन्न आहे, कीं ताट आहे, कीं नुसता अन्नाचा वास आहे, हें अगोदर पाहिलें पाहिजे. आणि आमच्या नातवास आम्ही मोबाइलच्या बदल्यांत जें देतों तें पुस्तकांचें कपाट नव्हे. आम्ही त्याला माणूस देतों.

येथें एक घरगुती हकीकत सांगणें भाग आहे. मार्च २०२० मध्यें साथीमुळें शाळा बंद झाल्या, आणि महाराष्ट्रांतल्या लहान वर्गांच्या मुलांना शाळेचें तोंड पुन्हां पाहावयास मिळालें तें दीड वर्षाहून अधिक काळानें. त्या दिवसांत सुशिक्षित वर्गाला दानाचा एक नवा प्रकार सांपडला. घरांत पडून असलेले जुने मोबाइल गोळा करावे आणि गरीब मुलांस वाटावे. आमच्याकडे धुणेंभांडीं करणाऱ्या बाईंची मुलगी तेव्हां पांचवींत होती. घरांत मोबाइल एकच, आणि तो आईबरोबर कामावर फिरे. ही अडचण त्यांच्या एकट्यांची नव्हती. 'असर' ह्या प्रसिद्ध पाहणीप्रमाणें २०१८ सालीं ग्रामीण भारतांतील शाळकरी मुलांपैकीं शेंकडा ३६.५ मुलांच्या घरीं स्मार्टफोन होता. २०२१ सालीं तो शेंकडा ६७.६ मुलांच्या घरीं आला; तथापि ज्यांच्या घरीं तो होता त्यांतल्याही चौथाईहून अधिक मुलांना तो वापरावयास मिळतच नव्हता. आम्हीं आमचा जुना मोबाइल, चार्जर आणि तीन महिन्यांचें रिचार्ज त्या मुलीला दिलें, आणि त्या रात्रीं कांहींसे समाधानानें निजलों.

महिन्याभरानें ती आईबरोबर घरीं आली तेव्हां आम्हीं सहज विचारलें, "काय, शाळा चालली आहे ना? बाई दिसतात ना नीट?" ती म्हणाली, "बाई दिसतात. पण बाईंना मी दिसत नाहीं."

तिच्या वर्गांत चाळीसाहून अधिक मुलें होतीं. बाई बोलत आणि मुलें ऐकत. कॅमेरा उघडला तर डेटा संपे, म्हणून तो बंद ठेवण्याची सूचना होती. तक्रार अशी तिची नव्हती. जें होतें तें तिनें सांगितलें. पुढें कित्येक दिवस तें वाक्य आमच्या मनांत घर करून राहिलें, आणि आजही ह्या विषयांतला मुख्य प्रश्न त्याहून स्वच्छ कोणी मांडल्याचें आम्हांस आठवत नाहीं.

कारण शाळा म्हणजे काय, ह्याचा आपण विचार करतों तेव्हां शिक्षक मुलाला काय दाखवितो इकडेच आपलें लक्ष असतें. शिक्षक मुलाचें काय पाहतो हें आपण विसरतों. मूल आज आलें नाहीं. आलें तें उपाशी आलें. कालपासून तें उजव्या हातानें लिहीत नाहीं. बाकावर शेजारीं कोणी बसत नाहीं. फळ्यावरचें त्याला दिसत नाहीं म्हणून तें दुसऱ्याच्या वहींतून उतरवून घेतें. हें सारें पाहणें कोणत्याही अभ्यासक्रमांत लिहिलेलें नसतें. ज्या मुलाच्या घरीं पाहणारीं चार माणसें आहेत त्याचें शाळेंतल्या ह्या दृष्टीवांचून निभावेल. ज्याच्याकडे दिवसभरांत दुसरें कोणी पाहतच नाहीं, त्याची शाळा म्हणजे बव्हंशीं ही दृष्टिच होय. सर्वच शिक्षक असे पाहतात असा आमचा दावा नाहीं. न पाहणारे शिक्षक आम्हांलाही भेटले आहेत. परंतु जो पाहत नाहीं त्याला आपण वाईट शिक्षक म्हणतों. यंत्राला मात्र तेवढ्यासाठीं कोणी वाईट यंत्र म्हणत नाहीं.

आणि ह्यांतली विचित्र गोष्ट अशी, कीं बाईंना न दिसणारी ती मुलगी इतर कित्येकांना दिसत होती. ह्यूमन राइट्स वॉच ह्या संस्थेनें २०२२ सालीं ४९ देशांतील दीडशेंहून अधिक शिक्षणविषयक ॲप व संकेतस्थळें तपासून एक अहवाल प्रसिद्ध केला. साथीच्या काळांत सरकारांनीं मुलांसाठीं पुरस्कारलेलीं हीं साधनें. त्यांतल्या दहांपैकीं जवळजवळ नऊ साधनांनीं मुलांची माहिती अशा रीतीनें हाताळली होती, कीं तींत मुलांच्या हक्कांस धोका पोंचावा. मूल कोठें आहे, काय पाहतें, कोठें थांबतें, ही माहिती अनेक ठिकाणीं जाहिरातींच्या व्यापारास पोंचत होती. म्हणजे ज्याच्यावर तिची जबाबदारी होती त्याला ती दिसत नव्हती, आणि ज्याला ती दिसत होती त्याच्यावर तिची कसलीच जबाबदारी नव्हती. आपल्या देशांत २०२३ सालीं वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा झाला. अठरा वर्षांखालील मुलाची माहिती घेण्यापूर्वीं पालकाची पडताळतां येण्याजोगी संमति हवी, मुलांचा माग काढूं नये, त्यांना हेरून जाहिराती दाखवूं नयेत, असें तो सांगतो. चांगलें आहे. परंतु जी आई मोबाइलवर आलेली सूचना वाचूं शकत नाहीं आणि पोरीनें दाखविलेल्या जागीं बोट ठेवते, तिची संमति कोणत्या अर्थानें संमति म्हणावयाची, हा प्रश्न कायद्याच्या कलमानें सुटत नाहीं.

विनंतिपत्रावरचें छायाचित्रही ह्याच जातीचें. २०१५ च्या बालन्याय कायद्याच्या ७४ व्या कलमानें काळजी व संरक्षणाची गरज असलेल्या मुलाची ओळख पटेल असें नांव किंवा चित्र प्रसिद्ध करण्यास मनाई केली आहे. तें कलम ह्या पत्रास लागतें कीं नाहीं हें वकिलांनीं सांगावें. आमचा प्रश्न त्याहून साधा आहे. आपल्या नातीचें नांव, चेहरा आणि घरांतलें दुःख छापून आम्हीं कोणाकडून वह्यापुस्तकें घेतलीं असतीं काय?

आतां ज्यांनीं ह्या बाबतींत मनापासून प्रयोग केले त्यांच्याकडे वळूं. १९९९ सालीं डॉ. सुगत मित्रा ह्यांनीं दिल्लींतील कालकाजी भागांत आपल्या कचेरीच्या भिंतीला भोंक पाडून त्यांत एक संगणक बसविला. भिंतीपलीकडे झोपडवस्ती होती. मुलांना कोणीं कांहींही शिकविलें नाहीं. तरी थोड्याच काळांत तीं तो संगणक चालवूं लागलीं, चित्रें काढूं लागलीं, एकमेकांस शिकवूं लागलीं. ह्या प्रयोगाची कीर्ति जगभर पसरली, आणि ती ऐकणाऱ्यांपैकीं पुष्कळांनीं तींतून आपल्याला सोयीचा तेवढा अर्थ घेतला, तो असा कीं गरिबाच्या मुलाला शिक्षक नसला तरी चालतें, भिंतीला एक भोंक पुरतें. मित्रांचा पुढला प्रवास मात्र ह्या ऐकणाऱ्यांनीं पाहिला नाहीं. तमिळनाडूंतील कलिकुप्पम गांवीं त्यांनीं मुलांपुढें जैवतंत्रज्ञानासारखा अवघड विषय, तोही इंग्रजींत, संगणकावर ठेवला. मुलें आपल्या बळावर कांहीं अंतर चाललीं. मग त्यांनीं एका तरुणीस त्या मुलांजवळ बसावयास सांगितलें. तिला तो विषय येत नव्हता. तिचें काम एवढेंच, कीं आजीसारखें मागें उभें राहावें आणि 'अरे वा, हें कसें केलेंस? पुढें काय आहे?' असें विचारीत जावें. मुलांचे गुण आणखी वाढले. पुढें २००९ च्या सुमारास त्यांनीं इंग्लंडांतल्या स्वयंसेवकांना दूरदृश्य संभाषणानें भारतांतल्या मुलांशीं जोडून दिलें, आणि त्या मंडळाला नांवही आजींचेंच पडलें. आपल्याकडे फलटणच्या प्रगत शिक्षण संस्थेंतही त्यांच्या ह्या कल्पनेचें एक केंद्र निघालें. ज्यानें शिक्षकावांचून शिकण्याचा डंका सर्वांत मोठा वाजविला असें लोक समजतात, त्यालाच शेवटीं आजी शोधावी लागली, हें आम्हांस फार बोलकें वाटतें.

ज्यांनीं आजी शोधली नाहीं त्यांचीही हकीकत उपलब्ध आहे. प्रत्येक मुलास एक स्वस्त संगणक, ही निकोलस नेग्रोपाँटी ह्यांची योजना २००५ सालीं जगापुढें आली. भारतांतला तिचा पहिला प्रयोग २००७ सालीं रायगड जिल्ह्यांत, कर्जत तालुक्यांतल्या एका लहानशा शाळेंत झाला. त्या गांवाचें नांव खैरात, हा निव्वळ योगायोग; परंतु मराठी वाचकाला तेथें क्षणभर थांबावेंसें वाटेलच. पेरू देशानें मात्र ही योजना मोठ्या प्रमाणावर उचलली आणि आठ लाखांहून अधिक संगणक वाटले. तेथील खेड्यांतल्या ३१९ शाळांची रीतसर तुलना करून २०१२ सालीं निष्कर्ष प्रसिद्ध झाला, तो असा कीं गणितांत आणि भाषेंत मुलांची प्रगति झाल्याचा पुरावा मिळत नाहीं. मुलें यंत्र मात्र सफाईनें चालवूं लागलीं होतीं.

येथवर वाचून एखादा वाचक म्हणेल, कीं तुमचें ठरलेलेंच आहे. माणूस तेवढा चांगला आणि यंत्र तेवढें वाईट. तसें आमचें मत असतें तर हा लेख लिहिण्याचें कारणच नव्हतें. माणसाच्या हातून मिळणाऱ्या मदतीला एक कांटा असतो, आणि तो ज्यांना टोंचला त्यांच्या आठवणी मराठींत थोड्या नाहींत. वार लावून जेवणारे विद्यार्थी आपल्या आजोबा-पणजोबांच्या पिढींत घरोघर होते. सोमवार एका घरीं, मंगळवार दुसऱ्या घरीं. पानांत काय पडलें त्यापेक्षां वाढणारीच्या तोंडावर काय होतें हेंच कित्येकांना जन्मभर आठवलें. वर्गांतही हेंच घडतें. सहावींत गेलेल्या ज्या मुलाला तिसरीचा भागाकार येत नाहीं, त्याला तो येत नाहीं ह्याहून अधिक दुःख तें चाळीस जणांपुढें उघडें पडण्याचें असतें. म्हणून तो गप्प बसतो, आणि पुढें शाळेंत येईनासा होतो. यंत्र हंसत नाहीं. एकच उदाहरण अकराव्या वेळीं चुकलें तरी तें बाराव्या वेळीं त्याच स्वरांत विचारतें. हा गुण लहान नव्हे.

दिल्लींत ह्याची पद्धतशीर परीक्षा झाली आहे. मुरलीधरन, सिंह आणि गनिमियन ह्या अर्थशास्त्रज्ञांनीं सरकारी शाळांतल्या सहावी ते नववीच्या मुलांवर केलेला अभ्यास २०१९ सालीं प्रसिद्ध झाला. सहावीचें सरासरी मूल गणितांत आपल्या इयत्तेच्या अडीच वर्षें मागें होतें. शाळेनंतर एका केंद्रांत दीड तास. त्यांतली पाऊण तास संगणकापुढें, जेथें प्रत्येक मुलाला त्याच्या खऱ्या पायरीवरचा प्रश्न मिळे, आणि पाऊण तास बारा-पंधरा मुलांच्या गटांत एका शिक्षकसाहाय्यकाजवळ. साडेचार महिन्यांत ज्यांना ही संधि मिळाली तीं मुलें गणितांत व हिंदींत इतरांच्या बरींच पुढें गेलीं. शोधकर्ते श्रेय मुख्यत्वें यंत्राच्या त्या एका गुणास देतात. मूल जेथें आहे तेथून त्याला उचलणें. तें नाकारण्याचें आम्हांस कारण दिसत नाहीं. चाळीस मुलांच्या वर्गांत चाळीस पायऱ्यांवर एकाच वेळीं उभें राहणें कोणत्याही शिक्षकास अशक्य आहे. आम्ही एवढेंच नमूद करूं, कीं तें यंत्र मुलाच्या हातीं देऊन कोणी निघून गेलें नव्हतें. त्याला एक खोली होती, एक वेळ होती, आणि खोलींत एक माणूस होतें.

अंध मुलांचें उदाहरण तर ह्याहूनही पुढें जातें. ब्रेलमधलें एक पाठ्यपुस्तक म्हणजे जाड खंडांची चळत, आणि बाकी सारें वाचून दाखविणाऱ्याच्या सवडीवर. त्याला वेळ असेल तेव्हां, तो निवडील तें, त्याच्या आवाजांत. २००६ सालीं ऑस्ट्रेलियांतल्या दोन अंध तरुणांनीं एनव्हीडीए नांवाचें साधन तयार करावयास घेतलें. संगणकाच्या पडद्यावरचें तें वाचून दाखवितें, मराठीही वाचतें, आणि त्याला दाम पडत नाहीं. त्याच्या आधारें एखादा मुलगा रात्रीं दोन वाजतां, कोणाचें आर्जव न करतां, ज्याची कोणी शिफारस केली नसेल असें पुस्तक उघडतो, तेव्हां त्याला माणसापासून मिळालेली सुटका हीच त्याची मिळकत असते. तें साधन ज्यांनीं केलें त्यांनीं तें परक्याच्या मुलासाठीं केलें नव्हतें, स्वतःसाठीं केलें होतें. त्याच्या उपयुक्ततेचें अर्धें रहस्य ह्यांत असावें.

तसेंच नोंदीचें. मुलांची माहिती यंत्रांत भरण्याविषयीं आम्हीं वर तक्रार केली. परंतु जें मूल कोणत्याच नोंदींत नाहीं त्याची स्थिति बीड जिल्ह्यांतल्या कोणत्याही शिक्षकास विचारावी. दिवाळीच्या आगेमागें कोयत्यांबरोबर मूल निघतें, गळीत हंगाम संपेपर्यंत कारखान्याच्या तळावर राहतें, आणि परत येतें तेव्हां वर्ग पुढें गेलेला असतो. गांवच्या पटावर तें गैरहजर, कारखान्याजवळच्या शाळेंत तें अस्तित्वांतच नाहीं. ह्यासाठीं शासनानें शिक्षण हमी पत्रक काढलें. मूल कोणत्या इयत्तेंत आहे आणि त्याला काय येतें हें लिहून तें बरोबर द्यावयाचें, म्हणजे नव्या गांवच्या शाळेनें त्याला बसवून घ्यावें. हीच नोंद संगणकावर असली तर पत्रक हरवलें तरी मूल हरवत नाहीं. येथें दिसणें हें संकट नव्हे. तोच आधार आहे. पण तो आधार केव्हां होतो? नव्या गांवचा शिक्षक सकाळीं फटफटी काढून तळावर जातो आणि खोपटांतून मुलें शोधून आणतो तेव्हां. तो गेला नाहीं, तर यंत्रांतल्या नोंदीनें एवढेंच सिद्ध होतें, कीं मूल कोठें आहे हें सर्वांना ठाऊक होतें.

म्हणून यंत्र कोणतें, महाग कीं स्वस्त, ह्या प्रश्नांत आमचें मन फारसें रमत नाहीं. तारेच्या दुसऱ्या टोंकाला कोण आहे, हें आम्ही पाहतों. ह्या दृष्टीनें मुलांसाठीं आपल्या देशांत झालेलें सर्वांत चांगलें यंत्र कोणतें असें कोणी विचारलें तर आम्ही दूरध्वनीचें नांव घेऊं. १९९६ सालीं मुंबईंत टाटा समाजविज्ञान संस्थेच्या आश्रयानें जेरू बिलिमोरिया ह्यांनीं १०९८ हा क्रमांक सुरू केला. स्टेशनावर राहणाऱ्या मुलानेंही फुकट फिरवावा आणि पलीकडून माणसानें बोलावें. आंकडे असे निवडले, कीं 'दस, नौ, आठ' असे उलटे मोजतांना ते मुलांच्या तोंडीं बसावे. हळूहळू हा क्रमांक देशभर गेला, आणि २०२३ पासून ही व्यवस्था सरकारनें आपल्या हातीं घेतली. ह्या सेवेच्या नोंदींत 'मूक दूरध्वनी' असा एक स्वतंत्र वर्ग असे. मूल क्रमांक फिरवतें आणि कांहीं बोलत नाहीं. पलीकडचा माणूस वाट पाहतो. कदाचित् मूल उद्यां पुन्हां फिरवील, कदाचित् परवां बोलेल. जें यंत्र प्रश्न आल्याशिवाय उत्तर देत नाहीं त्याला ह्या मौनाचें काय करावें हें कळणार नाहीं. हल्लीं निघालेल्या बोलक्या यंत्रांना कळेल असें त्यांचे कर्ते म्हणतात. मौन त्यांना ओळखतां येईलही. पण त्या मुलासाठीं रात्रीं रिक्षा करून स्टेशनावर कोण जाणार?

आतां त्या मोबाइलच्या गोष्टीचा राहिलेला भाग सांगतों. तो सांगावयाचा नाहीं असें आमच्या मनांत होतें.

त्याच वर्षीं दिवाळीनंतर निर्बंध सैल झाले, तेव्हां आमच्या थोरल्या नातीला गणित शिकवायला गल्लींतल्याच एक निवृत्त शिक्षिका घरीं येऊं लागल्या. नात सहावींत होती. एके दिवशीं धुणें आटोपल्यावर बाई दाराशीं घुटमळल्या आणि म्हणाल्या, "काका, ताईला शिकवायला बाई येतात, त्यांच्यापुढें माझी पोर कोपऱ्यांत बसली तर चालेल का? ती आवाज नाहीं करायची." आम्ही म्हटलें, "विचारून सांगतों." कोणाला विचारावयाचें होतें हें आम्हांस अजून नीटसें सांगतां येत नाहीं. शिक्षिकाबाई नाहीं म्हणाल्या नसत्या. साथीचें कारण मनाशीं घेतलें, तर मुलीची आई रोज आमच्या स्वयंपाकघरांत वावरतच होती. तें विचारणें राहून गेलें, आणि बाईंनीं पुन्हां विषय काढला नाहीं. मोबाइल देतांना मात्र आम्हांला कोणाला विचारावें लागलें नव्हतें.

ह्या दोन दानांतला भेद आम्हांस पुष्कळ उशिरां उमगला. मोबाइल दिल्यानें आमच्या घरांतली एकही वस्तु जागची हलली नव्हती. सतरंजीवर तिची एक जागा केली असती तर आठवड्यांतून तीन संध्याकाळीं ती आम्हांला दिसली असती. चुकतांना दिसली असती, कदाचित् आमच्या नातीच्या पुढें जातांनाही दिसली असती. कर्मवीर भाऊराव पाटलांनीं १९२४ सालीं साताऱ्यास वसतिगृह काढलें तेव्हां निरनिराळ्या जातींचीं मुलें एका पंक्तीला बसलीं, आणि लक्ष्मीबाईंनीं त्या मुलांच्या अन्नासाठीं आपले दागिने, शेवटीं मंगळसूत्रसुद्धां, मोडलें. तेवढें आपल्यापैकीं कितीजणांना करतां येईल हा प्रश्न आम्ही विचारीत नाहीं. तो विचारण्याचा अधिकार आम्हांस नाहीं. पण त्यांच्या घरांतल्या वस्तु जागच्या हलल्या होत्या, एवढें दिसतें.

मग वसतिगृहाच्या पत्राचें काय केलें? एका टॅबचे पैसे आम्हीं पाठविले. पाठीवर नांव नको असें कळविलें. टॅब कोणत्या खोलींत राहणार, मुलांनीं तो किती वाजतां घ्यावयाचा, त्या वेळीं त्यांच्याजवळ कोण बसणार, आणि त्यांतली मुलांची माहिती कोणाकडे जाणार, हें विचारलें. त्या मुलीचें छायाचित्र पत्रावरून काढावें अशी विनंती केली.

चार दिवसांनीं अधीक्षकांचाच दूरध्वनी आला. माणूस थकलेला, पण सरळ वाटला. शेवटल्या प्रश्नाचें उत्तर त्यांना ठाऊक नव्हतें. टॅब विकणाऱ्यांस विचारतों म्हणाले. छायाचित्राविषयीं म्हणाले, "तुमचें खरें आहे. मलाही आवडत नाहीं. पण चेहरा पाहिल्याशिवाय कोणी पैसे देत नाहीं हो. गेल्या वर्षीं बिनफोटोचें पत्र काढलें होतें." त्यांना काय उत्तर द्यावें तें आम्हांस सुचलें नाहीं. गेल्या वर्षींचें तें पत्र आम्हांलाही आलें असावें. तें पाहिल्याचें आठवत नाहीं.

टॅब जेवणाच्या दालनांत राहतील, संध्याकाळच्या प्रार्थनेनंतर तासभर. चव्वेचाळीस मुलें, आणि त्या वेळीं तेथें असणारे ते एकटेच. स्वयंपाकीणबाई अंधार पडण्यापूर्वीं घरीं जातात. शनिवारीं येऊन मुलांजवळ बसतां येईल का, असें त्यांनीं विचारलें. शिकवलें नाहीं तरी चालेल, म्हणाले. बसची वेळ पाहून कळवितों, असें आम्हीं सांगितलें आहे. एस. टी. च्या स्थानकावर आज चौकशी केली. तिकडची गाडी दुपारीं साडेतीनला सुटते, आणि परतीची शेवटची आठ वाजतां आहे.